टेप सैल धरलाय

आमच्या घरात टेप हरवत नाही. तो आप्पांच्या गळ्यात तरी असतो, नाहीतर मशीनच्या ड्रॉवरमध्ये बॉबिनच्या डबीशेजारी. पिवळा, कडा उसवलेला, मध्येच शाई उडालेला. शिंप्याच्या टेपवर खरं तर छातीचे आकडे पुसायला हवेत, म्हणजे ३४, ३६, ३८. आमच्या टेपवर १२ ते १६ पुसलेत. ते मी पुसलेत.

दंडाचं माप. सकाळी उठल्यावर एकदा, जिमला निघताना एकदा, आल्यावर एकदा, आणि रात्री सगळे झोपले की पुन्हा. व्यायाम झाल्या झाल्या रक्त भरून दंड फुगलेला असतो, त्याला पोरं ‘पंप’ म्हणतात. तेव्हा अर्धा इंच जास्त भरतो. दोन तासांत ते ओसरतं. मला हे शास्त्र पाठ होतं, तरी रोज रात्री तो अर्धा इंच गेलेला दिसला की पोटात खड्डा पडायचा. जणू कुणीतरी खिशातून नोट काढून घेतली. दहा वर्षांत किती वेळा हा टेप दंडाला गुंडाळला असेल याचा हिशेब मी एकदा करायला घेतला आणि अर्ध्यात सोडला.

मी मुळात काडीपैलवान. अकरावीत उंची साडेपाच फूट आणि वजन ४६ किलो. मामाच्या घरी सगळे तालमीतले. सोलापुरात तालीम म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगणं अवघड आहे. पाणीवेस तालीम, पत्रा तालीम, थोरला मंगळवेढा तालीम ही नावं इथं गणपतीची, शिवजयंतीची, मिरवणुकीची, आणि पोरगा कुठल्या गल्लीतला त्याच्या ओळखीची. माती मात्र आता थोड्याच ठिकाणी आहे. मामाच्या तालमीत होती. मला तिथं आठवडाभर नेलं, सात दिवसांत चौदा वेळा माझी पाठ मातीला लागली, आणि आठव्या दिवशी वस्ताद मामाला म्हणाले, “ह्याला अभ्यास करू द्या की.”

त्या तालमीत आरसा नव्हता. हे मला फार उशिरा लक्षात आलं. पैलवानाची ओळख तिथं कानावरून व्हायची. घासून घासून मोडलेला, फुगलेला कान दिसला की समोरचा ओळखायचा, हा मातीतला आहे. पोट सुटलेलं असलं तरी कुणी काही म्हणायचं नाही. पोट होतं तर ते थंडाईचं, तुपाचं, कमावलेलं. यावरून तालीम म्हणजे पवित्र आणि जिम म्हणजे वाईट असं मी म्हणत नाही. वजनी गटात बसायला तीन दिवस पाणी तोडून घेणारे, स्वेटर घालून उन्हात पळणारे पैलवान मी त्याच तालमीत पाहिलेत. एवढंच, की तिथं स्वतःकडं बघत बसायची सोय नव्हती.

जिममध्ये ती पुरेपूर होती. पूर्व भागातली आमची जिम आधी यंत्रमागाची शेड होती. आठ माग निघाले, त्या जागी बेंच आले, आणि तिन्ही भिंतींना जमिनीपासून वरपर्यंत आरसे. शेजारच्या शेडमध्ये अजून टॉवेल विणला जायचा. इकडं प्लेटा आपटायच्या, तिकडं धोटा खटाखट. कापसाची बारीक पूड खिडकीतून येऊन आरशांवर बसायची, आणि जिमचे सर रोज संध्याकाळी ओल्या फडक्यानं आरसे पुसायचे. उपकरणांना तेल द्यायला विसरतील, पण आरसे कधी नाही.

मी तिथं पॉवरलिफ्टिंगकडं वळलो. हा खेळ मला आवडायचं कारण सरळ होतं. इथं तुम्ही कसे दिसता याला कुणी विचारत नाही. स्क्वॉट, बेंच प्रेस, डेडलिफ्ट. प्रत्येकाचे तीन प्रयत्न. तीन पंच, तीन दिवे. दोन पांढरे लागले की वजन तुमचं. शरीरसौष्ठवात परीक्षकाचा डोळा, इथं रॉड. आणि रॉड खोटं बोलत नाही, २०० किलो म्हणजे २०० किलो. २०१३ साली ७४ किलोच्या गटात सरावाला मी २०५ किलोची डेडलिफ्ट मारत होतो. माझ्या वजनाच्या पावणेतीनपट. शेजारच्या शेडमधले विणकर एकदा बघायला आले. तेलुगूत काहीतरी बोलले आणि त्यातल्या म्हाताऱ्यानं माझी पाठ थोपटली.

त्याच वर्षी जिल्ह्याच्या स्पर्धेला मी गेलो नाही. पाठ धरली म्हणून सांगितलं. पाठीला काही झालं नव्हतं. स्पर्धेत सिंगलेट घालावी लागते, अंगाला चिकटलेली, आणि त्याआधी वजन करायला जवळजवळ सगळे कपडे उतरवावे लागतात. रांगेत उभं राहून लोकांसमोर माझं ते लुकडं अंग उघडं करायची माझी हिंमत झाली नाही. २०५ किलो उचलणाऱ्या माणसाला आपण लुकडे आहोत असं वाटत होतं, आणि यात काही विचित्र आहे हेसुद्धा त्याला वाटत नव्हतं.

मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२-४३ पर्यंत चढतो. मी लांब बाह्यांचा शर्ट घालायचो, आत दोन बनियन. दोन कशाला? एकानं छाती भरल्यासारखी दिसत नाही. घामानं शर्ट पाठीला चिकटायचा तेव्हा मी खुर्चीला टेकायचो नाही, कापडाखालून बनियनच्या दोन पट्ट्या दिसतील म्हणून. ऑफिसातले म्हणायचे, “काय बे, गरम होत नाही का तुला?” मी म्हणायचो, सवय आहे.

घरातलं जेवण बंद होत गेलं. आई कडक भाकरी आणि शेंगाचटणी ताटात वाढायची, मी डबा उघडायचो: अंड्याचे बारा पांढरे, मीठ नाही. चुलतबहिणीच्या लग्नात मंडपामागं उभा राहून मी तो डबा संपवला. आजी गेली त्या दिवशी पायांच्या व्यायामाचा वार होता. स्मशानातून आलो, आंघोळ केली, आणि तासाभरात जिममध्ये. सरांनी बातमी ऐकली होती. ते म्हणाले, “याला म्हणतात डेडिकेशन.” मला बरं वाटलं. हे वाक्य लिहायला मला जड जातंय, पण बरं वाटलं होतं.

दिवाळीत आप्पा घरातल्या सगळ्यांना शर्ट शिवायचे. दुकान नवी पेठेच्या मागच्या गल्लीत, दहा बाय बारा. ते माप घेताना मोठ्यांदा बोलतात आणि मी किंवा बहीण वहीत लिहून घेतो. “शोल्डर साडेअठरा. छाती ४१. बाही २४. दंड...” इथं मी दंड आवळला. “सैल सोड,” आप्पा म्हणाले. “शर्ट शिवायचाय, पुतळा नाही.” मी सैल सोडला. “साडेपंधरा.”

“आप्पा, टेप सैल धरलाय तुम्ही.”

त्यांनी पुन्हा घेतलं. साडेपंधरा. मी म्हटलं, तुमचं बोट आत आहे. त्यांनी बोट काढून घेतलं. पंधरा आणि सव्वाचार दोरे, असं ते चिडून म्हणाले. ‘दोरे’ हे त्यांचं स्वतःचं माप, ते मिलिमीटरला दोरा म्हणतात. चाळीस वर्षं मापं घेणाऱ्या माणसाला त्याचाच पोरगा टेप धरायला शिकवत होता. वहीत त्या पानाच्या मागं माझी जुनी मापं होती, दरवर्षीची, आप्पांच्या किंवा बहिणीच्या अक्षरात. छाती ३२, ३४, साडेपस्तीस, ३८, ४०, ४१. मी ती पानं उलटून पाहिली. डोळ्यांसमोर पुरावा होता. आणि मला वाटलं, काय सांगावं, दरवर्षी थोडा थोडा सैलच धरला असेल.

या रोगाला नाव आहे हे मला २०१७ मध्ये कळलं. मसल डिसमॉर्फिया. मराठीत मी त्याला ‘काडीभ्रम’ म्हणतो. शब्द माझाच आहे, कोशात शोधू नका. अमेरिकेत बॉस्टनजवळच्या मॅकलीन हॉस्पिटलचे मानसोपचारतज्ज्ञ हॅरिसन पोप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये १०८ शरीरसौष्ठवपटूंचा अभ्यास मांडला. त्यातले ९ जण सांगत होते की आपण बारीक आणि अशक्त दिसतो, आणि ते होते चांगले धष्टपुष्ट. जेवण सोडून हाडाची काडं झालेल्या मुली आरशात स्वतःला जाड बघतात, त्याच्या हे बरोबर उलटं. म्हणून आधी नावही तसंच दिलं, उलटा अ‍ॅनोरेक्सिया. १९९७ मध्ये आजचं नाव आलं. २०१३ मध्ये अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानग्रंथाच्या पाचव्या आवृत्तीत त्याला जागा मिळाली ती बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डरचा, म्हणजे आपल्या अंगात काहीतरी खोट आहे असं सतत वाटण्याच्या आजाराचा, एक प्रकार म्हणून, आणि ते प्रकरण आहे मंत्रचळाच्या शेजारी. हात पुन्हा पुन्हा धुणारी बाई, कुलूप दहादा ओढून बघणारा माणूस, आणि मी. एकाच चाळीतले.

पोप यांच्याच गटानं पुढं एक गमतीचं काम केलं. पोरांच्या खेळण्यातले सैनिक घेतले आणि मोजले. जी. आय. जो नावाचा बाहुला १९६४ साली पाच फूट दहा इंच उंचीच्या माणसाएवढा केला असता तर त्याचा दंड भरला असता १२.२ इंच. १९९८ च्या आसपासचा ‘एक्स्ट्रीम’ बाहुला तसाच मोठा केला तर २६.८ इंच. हे मी आप्पांना वाचून दाखवलं. ते काजं करत होते. म्हणाले, “२६?” आणि थोडा विचार करून, “ती कंबर असेल. त्यांनी मापाचं पान चुकीचं वाचलं.”

आणखी एक आकडा माझ्या डोक्यात बसला. २००० साली ऑस्ट्रिया, फ्रान्स आणि अमेरिकेतल्या तरुणांना संगणकावर चित्रं दाखवून विचारलं, तुम्हाला कसं अंग हवं? त्यांनी निवडलेल्या अंगावर त्यांच्या स्वतःच्या अंगापेक्षा सरासरी सुमारे १३ किलो जास्त स्नायू होते. बायकांना कसा पुरुष आवडेल, यावर या तरुणांनी त्याहूनही किलोभर जास्त सांगितलं. मग बायकांनाच विचारलं. त्यांनी निवडला तो साधा, चारचौघांसारखा पुरुष. हे मी बायकोला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. “हे शोधायला परदेशात जायची काय गरज होती,” म्हणाली.

तिच्याबद्दल लिहायचं टाळत होतो, पण टाळून चालणार नाही.

२०१४ मध्ये मी ‘सायकल’ घेतली. जिमच्या भाषेत सायकल म्हणजे स्टेरॉइडचा बारा-चौदा आठवड्यांचा कोर्स. कुणी दिलं, किती दिलं हे इथं महत्त्वाचं नाही. मागणारा मी होतो. जिममध्ये काय काय चालतं याची बाहेर कल्पना नसते. ऑपरेशनच्या टेबलावर बीपी एकदम खाली गेलेल्या पेशंटला जे मेफेंटरमाइन देतात, ते इंजेक्शन पोरं डेडलिफ्टच्या आधी टोचून घेतात, धडधड वाढावी आणि दम यावा म्हणून. ते मी घेतलं नाही, पण त्यात शहाणपण नव्हतं, सुईपेक्षा धडधडीची भीती होती. स्टेरॉइडनं दोन महिन्यांत पाच किलो वाढलो. आणि तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं, आता सुरुवात झाली, अजून दहा हवेत.

दोन कोर्स झाले. २०१५ मध्ये लग्न झालं. दोन वर्षं मूल नाही. नातेवाईक आधी गमतीत, मग तिरकं, मग उघड बोलायला लागले. बोलणं सगळं तिच्या वाट्याला. मावशी तिला म्हणाली, तुझ्या माहेरी कुणाला असा त्रास होता का? ती सोमवार धरायला लागली, तळ्यातल्या सिद्धेश्वराला अनवाणी जायला लागली. तिच्या सगळ्या तपासण्या नीट आल्या तेव्हा डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं बघून एकच प्रश्न विचारला, “जिमला जाता का?” पांढऱ्या कागदावर माझा रिपोर्ट आला. शुक्राणूंच्या रकान्यात ‘निल’.

त्यांनी समजावलं ते असं: बाहेरून हार्मोन येतं, तेव्हा मेंदूला वाटतं माल भरपूर आहे, आणि तो आतल्या कारखान्याला ऑर्डर देणं थांबवतो. वृषणं आकसतात, शुक्राणू थांबतात. बाहेरचा माल बंद केला तरी आतला कारखाना लगेच चालू होत नाही. महिने जातात, कुणाला वर्षाच्या वर. गिरण्या बंद पडलेल्या गावात हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. शिवाय रक्तातलं चांगलं कोलेस्ट्रॉल तळाला गेलेलं, आणि हृदयाची भिंत जाड होते म्हणून इकोही लिहून दिला.

रिपोर्ट मी जिमच्या बॅगेत ठेवला, खालच्या कप्प्यात, बेल्टच्या खाली. चार महिने. त्या चार महिन्यांत मावशी दोनदा घरी आली आणि ताटावर बसून जे बोलली ते मी ऐकलं आणि भात कालवत राहिलो. सोमवार चालूच होते. शेवटी बॅग धुवायला काढताना कागद तिलाच सापडला. ती ओरडली नाही. कागदाची घडी घालून पुन्हा त्याच कप्प्यात ठेवली आणि म्हणाली, “मावशीला तुम्ही सांगणार का मी?” मी सांगितलं. मावशीला, आईला, आणि ज्यांनी ज्यांनी विचारलं होतं त्या सगळ्यांना. दोनशे किलोला हात लावताना माझे पाय असे लटपटले नव्हते. मुलगी झाली २०१९ मध्ये. पण ते चार महिने काही भरून निघालेले नाहीत. तीही तसं कधी म्हणालेली नाही, आणि मीही विचारलेलं नाही.

स्टेरॉइड सुटल्यावर मी इतका खचलो की सकाळी अंथरुणातून उठवेना. तेव्हा त्या डॉक्टरीणबाईंनीच मानसोपचारतज्ज्ञांकडं पाठवलं. मला वाटलं होतं ते लहानपणाबद्दल विचारतील. त्यांनी विचारलं, “दिवसातून आरसा किती वेळा?” मी म्हटलं, आठ-दहा. “दुकानाच्या काचा, गाडीचा आरसा, मोबाइलची बंद स्क्रीन धरून?” मी गप्प बसलो. गोळ्या दिल्या, त्या मंत्रचळाला देतात त्याच जातीच्या, आणि गृहपाठ दिला. आरसा दिवसाला दोनदाच, दाढीला आणि भांगाला. टेप आप्पांच्या ताब्यात. जिम चालू, पण आठवड्याला चारच दिवस, आणि आरशाकडं पाठ करून. सगळ्यात अवघड हे: हाफ शर्ट घालून संध्याकाळी नवी पेठेत अर्धा तास फिरायचं आणि किती जणांनी दंडाकडं बघितलं ते मोजायचं.

हाफ शर्ट माझ्याकडं नव्हताच. आप्पांनी शिवला. मी फिरलो. घसा कोरडा पडलेला, दोन्ही कोपर बरगड्यांना चिकटवलेले. अर्ध्या तासात माझ्याकडं नीट वळून बघणारा एकच माणूस भेटला, धोतरातला म्हातारा. तो जवळ आला, माझ्या दंडाला हात लावला, माझा श्वास अडकला, आणि त्यानं विचारलं, “कन्ना चौकाला रिक्षा हितूनच मिळते का?”

मी बरा झालो असं लिहायला हात धजत नाही. कमी झालंय. अजूनही लग्नाच्या हॉलमध्ये शिरलो की माझी नजर आधी इतरांच्या दंडांवर जाते, मग चेहऱ्यांवर. काही लोकांची नावं मला आठवत नाहीत, मनगटं आठवतात. फोटो काढताना मी अजून अर्धा तिरका उभा राहतो. मोबाइलवर रोज रात्री नवीन विशीतला कुणीतरी शर्ट काढून उभा असतो, आणि ते यंत्र बरोबर ओळखतं की हा बोट थांबवेल. मी बोट थांबवतो.

डिसेंबर आला की आप्पांच्या दुकानात पुन्हा जीव येतो. एरवी आता पँट छोटी करणं, चेन बदलणं, एवढंच काम. पण संक्रांतीच्या गड्ड्याला, म्हणजे जत्रेला, सिद्धेश्वराचे सात नंदीध्वज निघतात आणि ते पेलणाऱ्यांना, सोबत चालणाऱ्यांना पांढरी बाराबंदी लागते. उंच काठी, सरळ ठेवायची, आणि अडुसष्ट लिंगांच्या वाटेवरून न्यायची. सराव आधीपासून चालतो. मी लहानपणापासून बघतोय, काठी पेलणारा माणूस कधी फार दांडगा नसतो. वर टोकाकडं नजर, खाली पाय बारीक बारीक हलत असतात. बाराबंदीच्या सैल बाह्यांत कुणाचा दंड किती, काही कळत नाही.

गेल्या डिसेंबरात भाचा आला, बाराबंदी शिवायला. सतरा वर्षांचा, बारावीत. यंदा पहिल्यांदाच सरावाला जात होता, आणि सहा महिन्यांपासून जिमलाही. उन्हाळ्यात त्यानं लांब बाह्या घातलेल्या मी पाहिल्या होत्या, पण तेव्हा काही बोललो नाही. आप्पांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून त्यांनी टेप माझ्या हातात दिला. किती तरी दिवसांनी.

शोल्डर, छाती, बाही, मुंढा. बाहीचा घेर घ्यायला दंडाभोवती टेप फिरवला तसा त्यानं मूठ आवळली. दंड कडक झाला, कोपरापासून मानेपर्यंत सगळा. मी म्हटलं, सैल सोड. त्यानं थोडा सोडला. पुसलेल्या आकड्यांमधून मी रेघ शोधली, नखानं धरली.

“किती?”

“१३.”

तो ट्रायलच्या आरशात वळला. आधी समोरून, मग बाजूनं, मग पुन्हा समोरून.

“मामा, टेप सैल धरलाय तू.”

मशीनचा आवाज थांबला. आप्पांनी काळ्या चष्म्याआडून आधी त्याच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.